गटात न बसणारा प्राणी



आधी एक प्रश्न सोडवा. फार वेळ घेऊ नका. परीक्षेत देता तसे झटपट उत्तर द्या.

गाय, घोडा, पाणघोडा, देवमासा. यांतील गटात न बसणारा प्राणी कोणता?

दिलेत उत्तर? तुमच्यापैकी बहुतेकांनी 'देवमासा' असे म्हटले असेल. आमच्या शेजारच्या सातवीतल्या मुलीला सहामाही परीक्षेत हाच प्रश्न आला होता. तिने लिहिले, 'गाय'. तिच्या बाईंनी त्यावर तांबड्या शाईची फुली मारली आणि बाजूला 'देवमासा' असे लिहून दिले. मुलगी रडवेली होऊन उत्तरपत्रिका घेऊन माझ्याकडे आली. मी विचारले, "गाय का लिहिलेस?" ती म्हणाली, "काका, या चौघांत रवंथ करणारी गाय एकटीच ना?"

अगदी खरे! घोडा रवंथ करीत नाही, पाणघोडा करीत नाही आणि देवमाशाचा तर प्रश्नच नाही. म्हणजे तिचे उत्तर चुकलेले नव्हते. मग मी सहज मनाशी खेळ सुरू केला. पाय नसलेला एकटा देवमासा, म्हणून देवमासा गटाबाहेर. प्राणिसंग्रहालये सोडली तर आज आपल्या देशात न आढळणारा एकटा पाणघोडा, म्हणून पाणघोडा गटाबाहेर. आणि प्राणिशास्त्रज्ञांना विचाराल, तर ते चौथेच उत्तर देतील. ते म्हणतील, घोडा!

चकित झालात ना? घोडा कसा ते पुढे सांगतोच. पण आधी माझी तक्रार ऐका. 'गटात न बसणारा ओळखा' या प्रश्नात गट कशावरून करायचा, कसोटी कोणती, हेच सांगितलेले नसते. कसोटी न सांगता मागितलेले उत्तर म्हणजे मापाचे भांडे न देता दूध मोजायला सांगण्यासारखे आहे. वर्गीकरणाच्या धड्यातली सगळी गंमत त्या कसोटीतच असते, आणि आपण नेमकी तीच गाळून टाकतो.

कसोटी ठरलेली नसली म्हणजे केवढा घोटाळा होतो, याची एक खरी गोष्ट सांगतो. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात १८१८ साली एक खटला गाजला. माशाच्या तेलाची पिंपे विक्रीपूर्वी सरकारी तपासनिसाकडून तपासून घ्यावीत, असा कायदा तेथे नुकताच झाला होता. सॅम्युएल जड नावाच्या व्यापाऱ्याने देवमाशाच्या तेलाची तीन पिंपे न तपासता घेतली. जेम्स मॉरिस या तपासनिसाने त्याच्यावर दावा लावला. जड म्हणाला, "देवमासा मासाच नव्हे, मग हे माशाचे तेल कसे?" झाले! कज्जा तेलाचा, पण वाद रंगला प्राणिशास्त्राचा. सॅम्युएल मिचिल हे त्या शहरातले मोठे निसर्गशास्त्रज्ञ. त्यांनी शपथेवर सांगितले की, देवमासा फुप्फुसाने श्वास घेतो, पिलांना दूध पाजतो, तो मासा नव्हे. समोरच्या बाजूने बायबलाचा दाखला निघाला : प्राणी जमिनीवरचे, आकाशातले आणि पाण्यातले, पाण्यातला तो मासा. पंचांनी पंधरा मिनिटांत निकाल दिला. देवमासा हा मासाच! जडला पंचाहत्तर डॉलर दंड झाला.

आज ही गोष्ट सांगून लोक त्या पंचांना हसतात. मला मात्र ते तितकेसे पटत नाही. तेल विकणारा, तेल घेणारा आणि तेल तपासणारा यांच्या बोलण्यात 'मासा' म्हणजे काय, एवढेच पंचांना ठरवायचे होते. कसोटी व्यवहाराची होती. पुढे थोड्याच काळात कायदेमंडळाने त्या कायद्यातून देवमाशाचे तेल वगळले आणि भांडण मिटले. देवमाशात काही फरक पडला नव्हता. कायद्यातली शब्दयोजना तेवढी बदलली.

आपल्या मराठीतही अशीच व्यवहाराची वर्गवारी जागोजाग दिसते. देवमासा हा आपल्या पूर्वजांनी मासाच मानला. नदीतल्या त्या थोराड, थुलथुलीत जनावराला आपण 'पाणघोडा' म्हणतो. ऊद झाले 'पाणमांजर'. अंगावर खवले असलेला, मुंग्या-वाळवी खाणारा प्राणी झाला 'खवले मांजर', पण ते मांजर नव्हे. तारामासा मासा नाही. ही नावे चुकीची आहेत म्हणून ती टाकून द्यावीत, असे मी मुळीच म्हणणार नाही. ज्याने नावे ठेवली त्याने प्राणी नीट पाहिला होता. फक्त त्याने पाहिले ते रूप आणि राहण्याची जागा. शास्त्रज्ञ पाहतो ते वेगळे असते.

काय पाहतो तो?

स्वीडनचा कार्ल लिनिअस (१७०७-१७७८) हा आधुनिक वर्गीकरणाचा जनक. सजीवांना दोन शब्दांचे नाव देण्याची पद्धत त्यानेच रूढ केली. १७३५ साली त्याने आपल्या ग्रंथाची पहिली आवृत्ती काढली, तेव्हा देवमासा माशांतच बसवला होता. १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत त्याने देवमाशाला तेथून उचलले आणि सस्तन प्राण्यांत, म्हणजे गाय, कुत्रा, माणूस यांच्या पंगतीत आणून बसवले. मला लिनिअसची ही गोष्ट फार आवडते. एवढा मोठा माणूस, पण आपलीच वर्गवारी त्याने बदलली. (त्याच दहाव्या आवृत्तीत वटवाघूळ मात्र माकडांच्या गणात आहे, बरे का! सगळेच एका दमात सुधारत नसते.)

तुम्ही म्हणाल, देवमासा माशासारखा दिसतो आणि गायीसारखा दूध पाजतो. मग दुधाला एवढे महत्त्व का? दिसण्याला का नाही?

याचे उत्तर समजले की वर्गीकरण समजले. पाण्यात वेगाने पोहायचे असेल तर शरीर दोन्ही टोकांना निमुळते असावे लागते. शार्क मासा निमुळता असतो. फार पूर्वी समुद्रात इक्थिओसॉर नावाचे सरीसृप होते, तेही तसेच निमुळते होते. देवमासाही निमुळता. हा आकार पाण्याने दिलेला आहे. जो कोणी पाण्यात पोहायला जाईल त्याला तो घ्यावा लागतो. म्हणून त्यावरून नाते सांगता येत नाही. पावसात भिजणाऱ्या सगळ्यांनी छत्र्या उघडल्या म्हणून ते काही एका घरातले ठरत नाहीत.

आता शेपूट पाहा. माशाची शेपटी उभी असते आणि ती डावी-उजवीकडे हलते. देवमाशाची शेपटी आडवी असते आणि खाली-वर हलते. असे का? एखादा कुत्रा जिवाच्या आकांताने पळताना पाहा. त्याची पाठ खाली-वर वाकते. देवमाशाचा पाठकणा तसाच वाकतो. तो पाण्यात पोहतो तो जणू चौखूर धावल्यासारखा! त्याच्या वल्ह्यासारख्या पराच्या आत मनगटाची आणि बोटांची हाडे आहेत. पायांचा बाहेर पत्ता नाही, पण कमरेच्या हाडांचे अवशेष मांसात रुतलेले सापडतात. जन्मापूर्वी, गर्भात असताना, मागच्या पायांचे कोंब दिसतात आणि मग जिरून जातात. नुसते पोहण्यासाठी एखादा प्राणी 'बनवला' असता, तर हा अडगळीचा माल त्यात कशाला असता?

आपल्या किनाऱ्यावर कधीमधी देवमासा वाहून येतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे पिल्लू येऊन अडकले होते, ते पुष्कळांना आठवत असेल. अशा वेळी लोक त्याच्या अंगावर ओली कापडे टाकतात. ती त्याला श्वास घेता यावा म्हणून नसतात, कारण हवेत श्वास तो उत्तम घेतो. त्याची कातडी तापू आणि सुकू नये म्हणून असतात. त्याला खरा धोका असतो तो त्याच्या स्वतःच्या वजनाचा. पाण्याचा आधार गेला की ते वजनच त्याचे शरीर चिरडू लागते. पाण्याबाहेर काढलेल्या पापलेटाचे आणि याचे मरण सारखे नाही. म्हणजे पाहा, प्राणी कोणत्या गटातला हे ठाऊक असले की त्याच्याविषयी न पाहिलेल्या कितीतरी गोष्टी सांगता येतात. देवमाशाचे हृदय मी कधी पाहिलेले नाही, पण त्याला चार कप्पे असणार हे मी पैजेवर सांगेन. रवंथावरून किंवा देशावरून केलेल्या गटाला हे जमत नाही. म्हणून चारही उत्तरे बरोबर असली, तरी चारही सारख्याच तोलाची नाहीत.

या किमयेचे कारण चार्ल्स डार्विनने १८५९ साली सांगितले. प्राणी एकमेकांसारखे असतात ते बहुधा नात्यामुळे. वर्गीकरण म्हणजे कपाटाचे कप्पे नव्हेत. ती वंशावळ आहे. तेव्हा 'देवमासा सस्तन आहे' या वाक्याचा खरा अर्थ असा की, देवमाशाचा कोणी एक पूर्वज जमिनीवर चार पायांनी चालत होता.

मग तो कोण? येथून पुढे शंभराहून अधिक वर्षे शास्त्रज्ञ चाचपडत होते, आणि हा चाचपडण्याचा भाग पाठ्यपुस्तकात कधी येत नाही. खुद्द डार्विनने आपल्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत तोंड उघडून पोहणाऱ्या, पाण्यातले किडे खाणाऱ्या अस्वलाचा दाखला दिला होता. लोकांनी त्याची एवढी टिंगल केली की पुढच्या आवृत्तीत त्याने तो भाग आटोपता घेतला. १८८३ साली विल्यम फ्लॉवर या इंग्रज शास्त्रज्ञाने देवमाशाचे पूर्वज खुरांच्या प्राण्यांत शोधावेत असे सुचवले. १९६६ साली अमेरिकेच्या ली व्हॅन व्हेलन यांनी मेसोनिकिड नावाच्या नामशेष, मांसभक्षक प्राण्यांकडे बोट दाखवले. त्यांचे त्रिकोणी दात आणि जुन्या देवमाशांचे दात अगदी सारखे दिसत होते. पुष्कळांना ते पटले आणि तीसेक वर्षे तेच पुस्तकांत राहिले.

दरम्यान प्रयोगशाळेत निराळेच काही चालले होते. जपानमधील नोरिहिरो ओकाडा आणि त्यांचे सहकारी डीएनए तपासत होते. त्यांची युक्ती समजायला पोथीचे उदाहरण घेऊ. पूर्वी पोथ्या हाताने उतरवून घेत. नक्कल करताना एखाद्याने एक ओळ चुकून दोनदा लिहिली, तर त्या पोथीवरून पुढे उतरलेल्या सगळ्या पोथ्यांत ती चूक त्याच जागी येणार. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण केली, तेव्हा देशभरच्या पोथ्यांची घराणी अशाच समान पाठभेदांवरून लावली होती. डीएनएमध्येही काही निरर्थक तुकडे मध्येच कोठेतरी घुसून बसतात आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागी उतरत राहतात. १९९७ आणि १९९९ साली ओकाडा यांच्या गटाने दाखवले की, असे काही तुकडे देवमासा आणि पाणघोडा या दोघांतच नेमक्या त्याच जागी आहेत, तर काही या दोघांबरोबर गाय-हरणांतही आहेत.

हाडे तपासणाऱ्यांना हे मानवेना. दात एक सांगतात, डीएनए दुसरे. खरे कोण? निवाडा व्हायचा तर जुन्या देवमाशाचा घोटा सापडायला हवा होता.

घोटाच का? गाय, शेळी, हरीण, डुक्कर, उंट या सर्वांच्या मागच्या पायाच्या घोट्यात एक खास हाड असते. विहिरीवरच्या कप्पीला असते तशी खाच त्याच्या दोन्ही टोकांना असते. या प्राण्यांना समखुरी म्हणतात. घोड्याच्या हाडाला अशी खाच वरच्या टोकाला आहे, खालच्या नाही. ज्यांच्या घरी मटण येते त्यांनी बकऱ्याच्या घोट्यातले हे हाड एकदा मागून घ्यावे आणि स्वच्छ धुऊन हातात धरून पाहावे. त्या दोन कप्प्या एकदा पाहिल्यात की विसरणार नाही.

२००१ साली पाकिस्तानातील सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतून, चार पाय असलेल्या आद्य देवमाशांचे घोटे मिळाल्याचे दोन वेगवेगळ्या गटांनी जाहीर केले. हाडाला दोन्ही टोकांना कप्पी होती! दातांनी इतकी वर्षे फसवले होते. मांस खाणाऱ्या दोन प्राण्यांचे दात सारखे झाले होते, जसे पोहणाऱ्या दोन प्राण्यांचे आकार सारखे होतात. मेसोनिकिडांचा दावा बहुतेकांनी सोडून दिला.

आणि आता आपल्या देशातला धागा. भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी जम्मू-काश्मीरमधील कालाकोट येथे जीवाश्म गोळा केले होते आणि १९७१ साली त्यांतल्या एका प्राण्याला 'इंडोहायस' हे नाव दिले होते. त्यांनी जमवलेले बरेच दगड न फोडताच राहिले. ते वारल्यानंतर त्यांच्या पत्नीने तो साठा हान्स थेविसन या शास्त्रज्ञांच्या हाती दिला. एक कवटी साफ करताना साहाय्यकाच्या हातून चुकून तुटली आणि आतले कानाचे हाड उघडे पडले. त्याची भिंत एका बाजूला जाड होती. अशी जाडी तोवर फक्त देवमाशांत ठाऊक होती. २००७ साली हे प्रसिद्ध झाले. इंडोहायस मांजराएवढा, हरणासारख्या बारीक पायांचा, सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी. तो देवमाशाचा आजोबा नव्हे. चुलत भाऊ म्हणा. पण घराणे कोणते हे त्याच्या कानाने सांगितले. आणि ते दगड कितीतरी वर्षे नुसते पडून होते!

तर आता आपल्या प्रश्नाकडे वळू. गाय, पाणघोडा आणि देवमासा हे तिघे एका घराण्यातले. घोडा विषमखुरी; त्याचे जवळचे आप्त गेंडा आणि टापीर. म्हणून नात्याची कसोटी लावली तर गटात न बसणारा तो घोडा. नावात घोडा असलेला पाणघोडा घोड्यापेक्षा देवमाशाला जवळचा आहे.

जाता जाता त्या न्यूयॉर्कच्या पंचांची बाजू आणखी थोडी घेतो. 'देवमासा मासा नाही' असे आपण ठणकावून सांगतो. पण मासा म्हणजे तरी कोण? शार्क, रोहू आणि फुप्फुसमासा हे तिन्ही आपण मासेच म्हणतो. फुप्फुसमासा आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात आढळतो. वंशावळ मांडली तर हा फुप्फुसमासा रोहूपेक्षा गायीला जवळचा आहे! तिन्ही माशांच्या सामाईक पूर्वजाची सगळी संतती एका गटात घ्यायची म्हटली, तर त्यात गायही येते, देवमासाही येतो आणि तुम्ही-आम्हीही येतो. 'मासा' हा बाजाराचा, स्वयंपाकघराचा आणि सोयीचा शब्द आहे. तो तेथे जरूर वापरावा. नात्याचा गट म्हणून मात्र तो टिकत नाही.

काही शिक्षक मित्र मला म्हणतात, "अहो, एवढे सगळे सांगत बसलो तर मुले गोंधळतील. आधी सोपा नियम पाठ होऊ द्या." त्यांची अडचण मला कळते. साठ उत्तरपत्रिका तपासायच्या असतात, आणि एका शब्दाचे उत्तर तपासायला सोपे असते. दुसरी-तिसरीच्या मुलाला 'देवमासा मासा नाही' एवढेच सांगितले तरी चालेल. पण सातवी-आठवीच्या मुलाने 'का' विचारले नाही, तर त्याने विज्ञान शिकले असे मी मानणार नाही. उपाय काही अवघड नाही. प्रश्नापुढे तीन शब्द वाढवावेत : 'कसोटी लिहा व'. कसोटी लिहा व गटात न बसणारा ओळखा. गुण निम्मे नावाला, निम्मे कसोटीला. आमच्या शेजारणीच्या मुलीला तेव्हा निदान अर्धा गुण तरी मिळाला असता. मी तिला म्हटले, बाईंना जाऊन नीट विचार. ती गेली. बाई चांगल्या होत्या. त्यांनी फुली खोडली नाही, पण दुसऱ्या दिवशी वर्गात 'गाय' हे उत्तर कोणत्या कसोटीने बरोबर ठरते, ते तिलाच उभे करून सांगायला लावले.

आता तुमच्यासाठी एक. मगर, सरडा, चिमणी. गटात न बसणारा कोण? मगरीच्या हृदयाला किती कप्पे असतात आणि ती घरटे करून अंड्यांची राखण कशी करते, हे आधी वाचनालयात जाऊन शोधा. मग उत्तर लिहा, आणि कसोटी लिहायला विसरू नका.